काटा

हा-लेपेकोलाच्या शेडमधला वजनकाटा माझ्या ताब्यात आहे.
लोकरीच्या दिवसांत लोकर तोलते,
थंडी उतरायच्या आधी रानगुलाबाची फळं:
लाल, बोराहून लहान,
झुडपांशी भांडून आणलेली.
बायका पोतं टेकवतात तेव्हा मनगटं पुढे येतात
आणि आकडा वाचायच्या आधी
मी ओरखडे वाचते.

हे झुडूप इथलं नव्हेच.
कुणीतरी कुंपणाला आणलं, ते कुंपणाचंही ऐकेना.
घळीत उतरलं,
वाहून जाणारी माती मुठीत धरून बसलं.
आमच्या आयांनी त्याला जन्मभर शिव्या घातल्या.
आता परदेशात त्याचा चहा होतो म्हणे, सर्दीवर.
मात्सेपेनं त्या पैशांत छपरावर पत्रा घातला
आणि उरलेल्यात एक निळी बादली घेतली.
बादलीचंच कौतुक जास्त झालं.

मंगळवारी मासेरूहून एक बाई आल्या.
बूट चांगले होते, चढाचे नव्हते.
फॉर्मवर रकाना होता:
डोंगराचं योगदान, किलोंत किंवा मालोटींत.
मी म्हटलं, फळं लिहा, चारशे बारा किलो.
लोकर लिहा, वहीत आहे.
"आणि पाणी?"
पाणी काट्यावर थांबत नाही, बाई.

इथून घोड्यावर चार तास वर दलदल आहे.
पाऊल ठेवलं की जमीन दचकते.
तीन उन्हाळे आम्ही तिथं जनावरं सोडली नाहीत.
ठरवलं त्या सभेत काठ्या निघाल्या होत्या.
माझा दीर, रामाथे, म्हणाला,
गवत डोळ्यांसमोर असताना मेंढीला उपाशी ठेवायचं,
हे कुठल्या शाळेतलं शहाणपण?
त्या हिवाळ्यात त्याच्या अकरा मेंढ्या गेल्या.
त्या कुठल्या रकान्यात, मी विचारलं.
बाईंनी पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.

चौथ्या वर्षी, ऑगस्टमध्ये,
सगळं वाळून खडखडीत झालेलं असताना
झरा आटला नाही.
खाली धरण, धरणातून बोगदा, बोगद्यातून सीमेपार;
तिथं नळ उघडतात, कारखाने चालतात,
कुणाच्या तरी अंगणातली हिरवळ हिरवी राहते.
राहू दे.
त्याचे पैसे येतात, मासेरूपर्यंत येतात.
पैसाही पाण्याच्याच जातीचा, उतार बघून वाहतो;
वर चढायचं तर त्याला पंप लागतो.
पंपाचा अर्ज आम्ही दिलाय.
दोनदा.

तेवढ्यात रामाथे आला, घोंगडीत काहीतरी गुंडाळून.
हल्ली दलदलीची राखण तोच करतो,
कुणी विचारलं तर म्हणतो, घरी करमत नाही.
घोड्याच्या खुरानं उपटलेलं शेवाळाचं ढेकूळ होतं,
काळं, गार, झोपलेल्या वासरासारखं जड.
न बोलता त्यानं ते काट्यावर ठेवलं.
नऊ किलो.
मग बाईंच्या हातात दिलं आणि म्हणाला, पिळा.
बाईंनी बाह्या सारल्या.
मीही एक बाजू धरली.
पुन्हा ठेवलं तेव्हा काटा दोनवर.

उरलेले सात शेडभर पसरले,
बाईंच्या बुटांना वळसा घालून
दाराकडे निघाले.
बाई फडकं शोधू लागल्या.
रामाथे म्हणाला, राहू द्या,
त्याला वाट माहीत आहे.