आता काय दिसायलंय

तीन चाळीसला लाइट गेली.
यूपीएस एकदाच टीं म्हणाला आणि मेला.
त्याची बॅटरी पुढच्या महिन्यात येणार होती,
गेल्या वर्षापासून पुढच्याच महिन्यात.

लाइट आली तेव्हा
अक्कलकोट रोडवरच्या लेथ एकदम ओरडल्या
आणि माझ्या पडद्यावर चौकटीत चार शब्द:
ड्रॉइंग फाइल वैध नाही.

सकाळपर्यंत होती की.
पिकिंग कॅम, फायनल, खरी फायनल, दोन.
नावातच एवढ्या शपथा घातलेल्या.

रिकव्हर दिलं. फिरलं, फिरलं, थांबलं.
ऑडिट दिलं, तर म्हणे आधी फाइल उघडा.
म्हणजे पेशंटला चालत आत आणा, मग तपासतो.

शेवटी शेठ बँकेत गेलेले बघून
यादगिरी काकांना फोन लावला,
ज्यांना लावायचा नाही असं ऑफिसात ठरलेलं.
बोनसवरून गेले त्याला दीड वर्ष झालं.
त्यांची खुर्ची अजून डावीकडं कलते.

मोतीबिंदू काढलाय अम्मा, परवाच. पट्टी आहे.
दुसऱ्या डोळ्याचं तर तुला माहितीये. बोल.

मागे विडी घरकुलातली दुपार.
नरसम्माक्का पानं कापत होत्या, कच्, कच्,
आणि शेजारच्या टीव्हीत
कुणीतरी तेलुगूत हुंदके देत होती.

काय दिसायलंय?

सांगितलं.
त्याच फोल्डरात बघ. नाव तेच, शेवटी बॅक.
आहे?
आहे.
मूळ फाइलला हात लावू नको.
हिची कॉपी कर, मग कॉपीचं शेपूट बदल.
वेळ कितीची दाखवते?
सव्वा अकरा.
मग सव्वा अकरापासूनचं तुझं गेलं.
गेल्यावर रडायचं नाही,
ती बाई रडायलीय तेवढं पुरे.

उघडली.
सत्तावीस चुका सापडल्या, सत्तावीस दुरुस्त केल्या,
असं मशीननं लिहिलं, छाती फुगवून.

दुरुस्त म्हणजे पुसल्या, काका म्हणाले.
त्याला तेवढंच येतं.
आता काय दिसायलंय?

मधलं भोक आहे. पाठीची गोलाई आहे.
कीवे नाही. नाक नाही.
रेघ नाकापर्यंत येते आणि
नळ बंद केल्यासारखी संपते.

भोक अडतीस, ते म्हणाले, न थांबता.
कीवे दहा, खोली साडेतीन.
पाठ एकशे चार, तिथं तू नेहमी एकशे पाच करायचीस.
नाकाची त्रिज्या…

कात्रीसुद्धा थांबली.

नाही आठवत, अम्मा.
पट्टीच्या आत बघायलोय, तिथं पण नाही.
लूमवर जा. मोज.

साखर पेठेत अंबादास कोटांच्या शेडमध्ये
माझ्यासाठी एक माग बंद केला,
बाकी पस्तीस चालूच.
चादरीवर हत्ती पोटापर्यंत विणलेला, उभा.
ग्रीसमध्ये हात घातला, कॅमवर गेज लावलं.
बाराची पाती बसेना, तेराची डुलायली.

सतरा वर्षं फिरायलंय ते, अंबादास कानात ओरडले,
आता त्याचं तोंड त्याच्या आईनं पण वळखू नये.

म्हणजे कागदावरचं माप पुसलेलं
आणि लोखंडावरचं झिजलेलं,
आणि तिसरं एका पट्टीखाली.

रात्री साडेआठला दोन टोकांमधून कंस काढला.
अकरा धरली. का, ते विचारू नका,
हाताला ती बरी वाटली.
दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह, हे चालू केलं.
एक कॉपी शेठच्या मशीनवर,
एक पेनड्राइव्हवर, डब्याच्या पिशवीत,
चटणीच्या पुडीजवळ.

फाइलला नवीन नाव दिलं.
फायनल हा शब्द घातला नाही.
पिकिंग कॅम, नाक अंदाजे,
दुडम काकांना विचारणे, पट्टी निघाल्यावर.