टेअर वजा

चौदा वर्षं झाली, साखर कारखान्याच्या काट्यावर बसतो मी.
'बसतो'च म्हणतो. आमच्या कोल्हापुरात बायकाही
येतो, जातो, जेवलो म्हणतात.
पुण्याची जाऊ हसते. हसू दे.

भरलेला ट्रॅक्टर चढतो, आकडा पडतो.
गव्हाणीत मोकळा होऊन येतो, पुन्हा आकडा.
दोन्हींतला फरक म्हणजे ऊस.
बाकी सगळं टेअर: लोखंड, टायर,
ड्रायव्हर, त्याच्या खिशातली तंबाखू.

साखरेत नोकरी आणि रक्तातही साखर,
हा विनोद सगळ्यांचा करून झालाय, तुम्ही नका करू.
डॉक्टरला भिऊन रंकाळ्यावर गेलो
आणि शालिनी पॅलेसच्या अलीकडंच बसलो, धापत.
सायकल दुकानवाला यासीन मुजावर म्हणाला,
"वहिनी, बोलत पळा. बोलता येतंय तेवढाच वेग."
पण बोलायचं काय, आणि कुणाशी?
मी गाड्यांचे नंबर म्हणत पळालो.
एमएच शून्य नऊ, एमएच तेवीस, एमएच दहा.
शेजारून जाणारे बाजूला व्हायचे.

दीड वर्षानं जानेवारीतला रविवार.
पहाटे पाचला पोलीस ग्राउंड, तोंडातून वाफ,
सगळ्यांच्या छातीवर कागदी आकडे.
मलाही एक. दोन हजार आठशे तीन.
टाचणीनं लावताना वाटलं,
आज माझी पावती कोण फाडणार?

पहिले दहा फुकटात गेले.
कसबा बावडा झोपेतच होता, एक म्हातारा दात घासत
बघत राहिला, थुंकायचं विसरून.
पुलावर धुकं, पंचगंगा दिसेना,
नुसता वास. मळीचा, आणि पलीकडं
कुठल्यातरी गुऱ्हाळाच्या काहिलीचा.
एकविसाला अर्धीवाले वळले,
त्यांच्याबरोबर ढोल, फोटो, केळी, सगळंच वळलं.
मग रस्ता आणि मी.

बत्तीस.
गुडघ्याखाली काही माझं उरलं नाही.
शियेच्या वळणावर मी थांबलो,
एका मैलाच्या दगडावर हात टेकून,
आणि रडलो का ते आठवत नाही,
पण ओढणी ओली होती.

मागनं ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, टेपवर लावणी.
टेप बंद झाली.
"मॅडम? म्होरं लाईन लागलीय का?"
तोंड ओळखीचं. नाव कधी विचारलं नव्हतं.
नंबर मात्र पाठ: एक्केचाळीस सत्तावीस.
याच माणसावर किती वेळा ओरडलो असेन,
पोरं ट्रॉलीतनं ऊस ओढतात, तुझं लक्ष नसतं, वजन घटतंय म्हणून.
त्यानं वर हात घालून एक कांडं उपसलं,
गुडघ्यावर मोडलं.
"खा. ह्ये काट्यात धरत न्हाईत."

मी खाल्लं.
साखरेचा पेशंट, काट्याची क्लार्क,
भर रस्त्यात, दातानं साल काढून, रस कोपरापर्यंत.
चोथा थुंकला आणि चालायला लागलो.
चालणं कधीतरी पळणं झालं, पळणं पुन्हा चालणं.
एक्केचाळीस सत्तावीस, एक्केचाळीस सत्तावीस,
बाकीचे नंबर गळून गेले.

सहा तास बावीस मिनिटं.
कमानीची हवा पोरं सोडत होती,
तिच्याखालनं वाकून आत शिरलो.
यासीन एकटाच टाळ्या वाजवत होता, एवढ्या मोठ्या मैदानात.
एका पोरानं गोणीतनं मेडल काढून दिलं.
हातावर तोलून बघितलं, सवय.
नव्वद ग्रॅम, फीत धरून.

भरून निघालो होतो, एवढं खरं.
मोकळा होऊन आलो, तेही खरं.
मधली गव्हाण काही दिसली नाही कुठं.

सोमवारी काट्याच्या चार पायऱ्या
उलट्या तोंडानं उतरलो, कठडा धरून.
सगळी लाईन हसली, हॉर्न वाजवून.
अकराव्या नंबरला तो आला.
आकडा पडला, पावती छापली,
द्यायच्या आधी विचारलं, "नाव काय रं तुझं?"
त्यानं आधी गाडीचा नंबरच सांगितला.