तिसऱ्या बाकावरचा

शुब्र्यातले माझे आजोबा, वहीब इस्त्रीवाले,
सात वर्षं कॉलेजात होते.
तिसरा बाक, खिडकीकडून दुसरे.

गेले होते स्टुडिओत सदरे पोचवायला,
एक पोरगा तापाने आला नव्हता.
कुणीतरी म्हणालं, यातलाच एक घाल,
बस तिथे. बोलायचं नाही. लिहीत राहा.

लिहीत राहा म्हटल्यावर त्यांनी लिहिलं
येत होतं तेवढं:
स्वतःचं नाव, आईचं नाव,
मग गिऱ्हाइकांच्या बाक्या,
तेराव्या गल्लीतल्या दंतवैद्याची सगळ्यात मोठी.

नायिका वह्या छातीशी धरून यायची,
नेहमी उशिरा.
प्राध्यापक चश्मा काढून काहीतरी बोलायचे
आणि साठ जण एकदम हसायचे.
आजोबा जरा मागून हसतात.
शुक्रवारी दुपारी टीव्हीवर लागला सिनेमा
की आजी बोट ठेवते काचेवर:
हा बघ, याला आत्ता कळलं.

आणि तो फळा.
त्यावरचं गणित तैलरंगात रंगवलेलं,
पुसायचं नाव नको.
वकिलीच्या वर्गात तेच, डॉक्टरकीच्या वर्गात तेच,
नायक नापास झाला तेव्हाही मागे तेच.
सात वर्षं समोर.
शेवटी एका दुपारी, दिवे बदलेपर्यंत,
स्टार्चच्या पुड्याच्या कागदावर
त्यांनी उतरवून घेतलं.

मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या रात्री
तो कागद त्यांनी बायबलमधून काढला.
इरीनी, म्हणाले, याचं उत्तर काय येतं?

तीन कंस उघडलेले, एकच मिटलेला.
एका आकड्याला शेपूट, ती बहुतेक
रंगाऱ्याचा हात हलला म्हणून.
बरोबरचं चिन्ह
आणि त्याच्या पुढे कागद संपेपर्यंत काही नाही.

मी पेन्सिल शोधल्यासारखं केलं.
म्हटलं, हे पहिल्या वर्षाचं नाही, आजोबा.

वाटलंच मला, ते म्हणाले,
आणि किती खूश झाले,
आजीला झोपेतून उठवून सांगितलं,
पहिल्या वर्षाचं नाही म्हणे ते!

आता मी चौथ्या वर्षाला आहे.
रविवारी संध्याकाळी ते आठवड्याचे माझे सदरे घेतात,
आधी कॉलर, उलटी बाजू वर,
आणि वाफेतून, माझ्याकडे न बघता,
झालं का?
नाही अजून.
बरं. घाई नको करू.