अकरा

काल अकरा बीजं निघाली.
भूल उतरताना नर्सनं तळहातावर
पेनानं आकडा लिहून दिला.
स्त्रातोसनं तो दोनदा वाचला,
"हात धुऊ नकोस," म्हणाला.

आज पोट तट्ट फुगलंय,
जीन्सचं बटण केसांच्या रबरानं अडकवलेलं.
फ्रीजमध्ये चीजच्या डब्याशेजारी
एक सुई उरलीय. टाकवत नाही.

थेसालोनिकीच्या गर्दीच्या बसमध्ये
एक म्हातारा काठी सावरत उठला,
"बस, पोरी. पहिलंच का?"

सांगणार होते,
काका, आत आता काहीच नाही,
सूज आहे नुसती.
जी होती ती गावाबाहेर एका काचेत, उबेला.
किती टिकली, ते दुपारी कळवतील.

"पहिलंच," म्हटलं.
आणि बसले.
जागा अजून गरम होती.