पुढच्यास ठेच

म्हणीत नुसती ठेच आहे.
पुढच्याचं पुढे काय झालं,
नख गेलं की राहिलं, कुणी फुंकर घातली का,
म्हण सांगत नाही. तिला घाई असते
मागच्याला शहाणं करायची.

आम्ही पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो,
रविवारी, पहाटे साडेपाचला,
नाशिकच्या थंडीत कानटोप्या ओढून, चौघी.
सगळ्यात पुढे पगारे सिस्टर, सिव्हिलमधून रिटायर झालेल्या,
मग शमीम, मग कुमुद,
शेवटी मी. मला मागे राहायची सवय आहे.
बोलणं वरून खाली येतं, धापांनी तुटून.
निम्मं वारा नेतो,
निम्मं माझ्या वाट्याला.

"तीस वर्षं लोकांच्या सलाइनचे थेंब मोजले,"
सिस्टर म्हणतात. दोन पायऱ्या.
"आणि म्हणत राहिले, माझं काय, माझं काय."
आणखी दोन.
"माझं काय म्हणजे नेमकं काय गं,
हे विचारायचंच राहिलं."

शमीमने भावाला कोऱ्या कागदावर सही दिली होती.
वडाळा नाक्याजवळचं शिवणाचं दुकान
तिचं होतं, आणि मग नव्हतं.
भर रस्त्यात आरडाओरडा करून
तिने मशिनी तेवढ्या परत आणल्या.
हे सांगताना ती हसते.
"आवाज काढायचा. आवाजाला भाडं पडत नाही."

मी अंबडला बुशिंग तपासते.
एक गेज, दोन टोकं:
एक आत जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये.
वीस वर्षं. कागदावर अजून हेल्पर.
लोखंडाला मी कधी चुकीचं माप लावलं नाही.
स्वतःला मात्र कुणाच्याही गेजने मोजू दिलं,
सासूच्या, सुपरवायझरच्या,
दहावीच्या त्या पिवळ्या पडलेल्या मार्कलिस्टच्या,
आणि दर वेळी मुकाट जाऊन बसले
रिजेक्टच्या लाल क्रेटमध्ये.

तर एका सोमवारी शमीमचा आवाज उसना घेऊन
साहेबांच्या केबिनमध्ये गेले.
तो माझ्या गळ्यात बसेना.
पहिल्याच वाक्याला चिरकला, मला रडू फुटलं,
साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला
आणि मी तो पिऊन, थँक्यू म्हणून, परत आले.

पुढच्या रविवारी शमीम एवढी हसली
की पायरीवर बसली.
"अगं, ती माझी ठेच होती.
अंगठा तुझा वेगळा."

मोजणं मात्र मला येत होतं.
तीन आठवडे, रात्रीची भांडी झाल्यावर,
जुन्या रजिस्टरांवरून एक पान उतरवलं:
साल, नग, गिऱ्हाइकाकडून परत आलेले नग.
शेवटच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य, एकदा चार.
ते चार लपवले नाहीत.
पान टेबलावर ठेवलं
आणि उभी न राहता खुर्ची ओढली.
साहेब "बघू" म्हणाले. अजून बघतायत.
पण खुर्चीचा पाय फरशीवर करकरला
तो आवाज माझा होता.
तेवढाच. केबिनबाहेर ऐकू गेला म्हणे.

हल्ली मी शेवटची नसते.
माझ्या मागून कुमुदची भाची येते, तेजल,
डिप्लोमा सोडावासा वाटतो म्हणते,
सगळ्या हुशार आहेत म्हणते, मी सोडून.
मी वळणापाशी सांगितलं,
"तो डावीकडचा दगड हलतो."
"कुठला?" म्हणत तिने नेमका त्याच्यावर पाय दिला.

खाली हायवेवर ट्रकांची रांग,
अंबडचे दिवे अजून विझायचे होते.
वरून सिस्टरांची हाक आली, चला गं.
मला सांगायचं होतं पुष्कळ,
थेंबांचं, कोऱ्या कागदाचं, लाल क्रेटचं.
ती एका पायावर उभी,
ओठ दाबून.

मी दोन पायऱ्या खाली उतरले.
म्हटलं, "बस. अंगठा दाखव."