निशाणी एक्केचाळीस

देवगडच्या कोर्टासमोर माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो तासाभरात.
परवापासून मी तज्ज्ञसुद्धा आहे.
कलम त्रेसष्टचा दाखला, भाग ब,
सहीच्या रेघेखाली तसं छापलेलंच असतं.

भाग अ रेशम जुवाटकरचा.
'सदर उपकरण माझ्या ताब्यात होते,
नियमित वापरात होते, व्यवस्थित चालत होते.'
व्यवस्थित म्हंजे? तिनं विचारलं.
काच तडकलेली, चार्जिंगच्या भोकात खवलं,
मीच ते टाचणीनं काढलं होतं.
म्हटलं, आवाज येता मां? मगे व्यवस्थित.

अकरा सेकंदांचा आवाज.
नाखव्याचा. तांडेलाच्या फोनवर आलेला,
तांडेलानं बायकोला पुढे धाडलेला:
पाणी भरता तर उपसा.
आजून एक फेरी मारा, मगे येवा.
खाली त्यानं स्वतः लिहिलेलं एवढंच:
उशीर होतलो. जेवून घे.

नाखव्याचा फोन आता नवा आहे.
तांडेलाचा बावीस वाव पाण्यात,
शर्टाच्या खिशात, पिशवीत, वर रबर लावून.
त्यांच्या वकिलांनी चष्मा पुसला:
मूळ उपकरण नाही, म्हणजे शंकेला वाव आहे.
आहे साहेब, बावीस.
हे मी बोललो नाही.

मी हॅश सांगितला.
चौसष्ट अक्षरांची ओळ, अर्थ नाही, चाल नाही.
फाइलमधला एक ठिपका हलला
तर अख्खी ओळ बदलते, ओळखूच येत नाही,
चार दिवसांनी किनाऱ्याला लागलेल्या माणसासारखी.
हेही बोललो नाही. ती समोर बसली होती.
एवढंच म्हणालो, तिच्या फोनात होतं
तेच या पेनड्राइव्हमध्ये आहे.
कोणाचं आहे, ते हॅशला कळत नाही.

न्यायाधीश बाईंनी तीनदा वाजवायला लावला.
आधी पंखा बंद केला, मग खिडकी.
तिसऱ्यांदा सगळ्यांना ऐकू आलं,
शब्दांच्या मागे काहीतरी कुरकुरत होतं,
थांबून, परत, थांबून.

ह्यो त्यांचो झोपाळो, मागून रेशम म्हणाली.
मधली कडी. तेल घालूक चार येळा सांगितलंय,
मासे साफ करूक जातंय तेव्हां.

वकील उठले. पिंजऱ्यात नसताना बोलू नये.
टंकलेखकाची बोटं क्षणभर वर राहिली.
ती खाली आली का, मला दिसलं नाही.

पाकिटावर शिक्का बसला: निशाणी एक्केचाळीस.
समुद्रातही निशाणी असते,
बोयावर काठी, काठीला चिंधी,
खाली आमचं जाळं आहे, एवढंच सांगणारी.

संध्याकाळी ती दुकानात आली.
दाखल्याचे तीनशे होतात, मी दोनशे म्हणालो.
तिनं मोजून तीनशे ठेवले, पावती मागितली.
तारीख नीट घाला, म्हणाली,
आणि टायमसुद्धा.