गुडघ्यावरचा फेटा

दिल्लीहून फोन आला तेव्हा मी
म्हात्रे पुलाजवळच्या कार्यालयात तेराव्या डोक्यावर होतो.
"लडकत फेटेवाले का? बर्फातल्या स्पर्धा आहेत.
उद्घाटनाला आपली संस्कृती दिसली पाहिजे."
किती माणसं, म्हटलं.
"खेळाडू एक. साहेब अकरा."

डोकी पाठवा, म्हटलं. फेटा म्हणजे टोपी नव्हे.
साहेबांचं कळवलं: मध्यम.
खेळाडूचा आकडा आला: सत्तावन्न सेंटिमीटर.

आता आकड्याला कपाळ नसतं.
तो "जरा सैल हं, काका" म्हणत नाही,
पीळ बसताना डोळे मिटून घेत नाही.
रंगावरून चार दिवस फोनाफोनी,
शेवटी हळदीचा पिवळा, कुणालाच न बोचणारा.
रविवार पेठेत शटर अर्धं ओढून
माझ्याच गुडघ्यावर बांधला.
गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं,
साठीत हा फेटा.
नऊ वार. आतून बक्रम, वर बारीक टाके,
तुऱ्याला खळ.
खोक्यावर लिहिलं: ही बाजू वर.

रात्री दीडला टीव्हीसमोर मी आणि विमल.
देश येत होते अक्षरांच्या क्रमानं,
पण अक्षरं त्यांची,
त्यामुळे लघवीलाही उठता येईना.
आपण आलो तेव्हा जाहिरात नुकती संपत होती.

नऊ सेकंद.
वाराला एक.

पुढे एक पोरगी, झेंडा तिच्याहून उंच.
खाली नाव आलं: रिग्झिन, लाहौल.
डोक्यावर जाड लोकरीची टोपी,
कानांवरून ओढलेली, कुणीतरी घरी विणलेली.
मागे साहेब, अकरा तुरे, सगळे कॅमेऱ्याकडे.

"तुमचा कुठाय?" विमल म्हणाली.

गळ्यात.
सगळे टाके उसवून, बक्रम काढून टाकून,
चार वेढे, नाकापर्यंत,
पिवळ्यातून तिच्या श्वासाची वाफ निघत होती.
एक टोक पाठीवर सुटलं होतं
आणि वाऱ्यावर बरोबर शेमल्यासारखं उडत होतं,
मी न बांधता.

"उसवलं की हो तुमचं काम."
उणे अठरा आहे तिकडे, म्हटलं.

मग पुढचा देश आला.
विमलनं आवाज कमी केला.
मी पायावरची गोधडी
गुडघ्यापर्यंत ओढली,
सत्तावन्न सेंटिमीटर.